लालमोहनबाबूंची भीती

बनारसच्या एका जुन्या घरात मगनलाल मेघराज गादीवर रेलून बसला आहे. पाहुण्यांसाठी तो सरबत मागवतो. पाहुणे तिघे: खासगी गुप्तहेर फेलुदा, त्याचा धाकटा चुलतभाऊ तोपशे आणि बुटके, टकले, मिशाळ लालमोहन गांगुली. सरबतात विष असेल या शंकेने लालमोहनबाबूंचा हात पेल्याकडे जात नाही. मग अर्जुन नावाचा सुरेफेक्या आत येतो. त्याचं वय झालंय, त्याला खोकल्याची उबळ येते, अंग थरथरतं. लालमोहनबाबूंना एका फळीला टेकवून उभं केलं जातं आणि त्यांच्या भोवती एकेक सुरा खच्चकन रुततो. फेलुदा बसल्या जागी हे बघत राहतो. हलला तर काय होईल, हे त्याला माहीत आहे. सुरे संपतात आणि लालमोहनबाबू कोसळतात.

सत्यजित राय यांच्या ‘जय बाबा फेलूनाथ’ (1979) या चित्रपटातला हा प्रसंग कोलकात्यातल्या तीन पिढ्यांना पाठ आहे. मगनलाल झाले आहेत उत्पल दत्त, अर्जुन कामू मुखर्जी, लालमोहनबाबू संतोष दत्त. लोक हसत हसत या प्रसंगाची आठवण काढतात. पण तो पुन्हा नीट पाहिला की हसू घशातच अडकतं. मगनलालला एक गोष्ट पक्की कळली आहे: फेलुदाला मारून, धमकावून, पैसे दाखवून उपयोग नाही. त्याला दुखवायचं असेल तर त्याच्याबरोबर आलेल्या माणसाला फळीला टेकवावं लागेल.

साहसकथेतल्या सोबत्याबद्दल आपण फार सैलपणे बोलतो. ‘विनोदासाठी घेतलेलं पात्र’ म्हणून त्याला बाजूला सारतो. लालमोहनबाबूंच्या बाबतीत तर हा अन्याय हमखास होतो, कारण ते खरोखर विनोदी आहेत. ‘जटायू’ या टोपणनावाने ते रहस्यकादंबऱ्या लिहितात, त्यांचा नायक प्रखर रुद्र जगभर पराक्रम करत फिरतो आणि कादंबऱ्यांतल्या भूगोल-विज्ञानाच्या चुका फेलुदाला दुरुस्त कराव्या लागतात. तरी त्या धडाधड खपतात. आपल्याकडे ज्यांनी बाबूराव अर्नाळकरांची पुस्तकं फिरत्या वाचनालयातून रोज एक या हिशेबाने संपवली, त्यांना हा लेखकवर्ग आणि त्याचा वाचक दोन्ही ओळखीचे वाटतील. राय या लेखकाची थट्टा करतात, पण त्याला तुच्छ लेखत नाहीत. स्वतः राय ज्या गडपार भागात जन्मले, तिथेच त्यांनी लालमोहनबाबूंना घर दिलं.

फेलुदाची पहिली कथा 1965 च्या अखेरीस ‘संदेश’ मासिकात आली. हे मासिक रायांचे आजोबा उपेंद्रकिशोर यांनी 1913 मध्ये सुरू केलं होतं. मध्ये बंद पडलेलं ते मासिक 1961 मध्ये रायांनी कवी सुभाष मुखोपाध्याय यांच्यासह पुन्हा उभं केलं. सुरुवातीला फेलुदाला सोबत होती ती एकट्या तोपशेची. तपेशरंजन मित्र हे त्याचं खरं नाव. तोपशे हा बंगाल्यांच्या आवडीचा, बेसनात तळून खायचा मासा. हा मुलगा वॉटसनचा वारसा चालवतो: बघतो, लक्षात ठेवतो, लिहितो. लालमोहनबाबू आले ते 1971 मध्ये, ‘सोनार केल्ला’त, राजस्थानच्या प्रवासात रेल्वेच्या डब्यात चढून. तोवर फेलुदाच्या कथा एका हुशार माणसाच्या बुद्धीच्या कथा होत्या. ते आल्यावर त्या तिघांच्या कथा झाल्या आणि बहुतांशी तशाच राहिल्या.

हा बदल कसा घडला, ते बघण्यासारखं आहे. तोपशेला फेलुदाचं सगळंच थोर वाटतं. त्याच्या वयाला ते शोभतंही. मोठ्या माणसाला मात्र आपल्याहून बऱ्याच लहान माणसाकडून चुका सुधारून घेताना, त्याच्यासमोर घाबरताना कुठेतरी सल राहायला हवा. लालमोहनबाबूंना तो नाही. दक्षिण कोलकात्यातल्या रजनी सेन रोडवर फेलुदाच्या बैठकीत ते हक्काने येतात, डालमूट खातात, नव्या प्लॉटचा तपशील विचारून घेतात. पुढे हिरवी अँबेसिडर घेतात आणि ती आपोआप तिघांची गाडी होते. फेलुदाला ते ‘फेलूबाबू’ म्हणतात आणि तोपशेला ‘तपेश भाई’. वयाचा आणि बुद्धीचा सगळा उतार-चढाव त्या दोन संबोधनांत सपाट होऊन जातो.

सहवासातल्या या समानतेला कोलकात्यात एक नाव आहे: अड्डा. फेलुदाची लोकप्रियता बुद्धिचातुर्यावर उभी आहे असं म्हणणाऱ्यांनी एखादी कथा पुन्हा वाचताना स्वतःकडे लक्ष द्यावं. गुन्हेगार कोण हे आधीच माहीत असतं. तरी माणूस वाचतो, कारण त्याला त्या तिघांमध्ये चौथा होऊन बसायचं असतं.

मराठी वाचकाला ही जोडणी परकी नाही. चि. वि. जोश्यांनी ती उलटी बांधली: भित्रा, किरकोळ चिमणराव मध्यभागी आणि सोटा घेतलेला दांडगा गुंड्याभाऊ त्याच्या पाठीशी. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेला सुभाष देसाई आहे. आणि लालमोहनबाबू खुद्द महाराष्ट्रातही येऊन गेले आहेत. ‘कैलासे केलेंकारी’ (1973) मूर्तिचोरांच्या मागावर वेरूळच्या लेण्यांपर्यंत येते. ‘बंबइयेर बंबेटे’ (1976) तर त्यांच्याच कादंबरीवर मुंबईत हिंदी चित्रपट निघतोय म्हणून घडते आणि तिचा शेवट खंडाळ्याच्या परिसरात धावत्या आगगाडीत होतो. या कादंबऱ्या ‘देश’च्या पूजा अंकांत यायच्या. दिवाळी अंकाची वाट पाहिलेल्या घरांना पूजा अंकाची गोडी वेगळी सांगायला नको. अशोक जैन यांनी फेलुदाच्या कथा मराठीत आणल्या, रोहन प्रकाशनाने त्या छापल्या, तेव्हा इथल्या मुलांनीही लालमोहनबाबूंना आपलं म्हणायला वेळ लावला नाही.

पण फळीपाशी परत जायला हवं. मगनलाल मेघराज तीन कथांत येतो आणि तिन्ही वेळा त्याचा रोख लालमोहनबाबूंवर असतो. बनारसला सुरे. ‘जतो कांड काठमांडूते’ (1980) मध्ये तो चहाच्या साखरेच्या खड्यातून त्यांना एलएसडी देतो. हॉटेलच्या खोलीत भ्रमात हरवलेल्या माणसाला सांभाळायची पाळी बाकी दोघांवर येते. ‘गोलापी मुक्ता रहस्य’ (1989) मध्ये तो त्यांना सगळ्यांसमोर गायला लावतो. जीव, मन, मान या क्रमाने एकाच माणसावर तीनदा घाव घातला जातो. राय हे अपघाताने लिहीत नव्हते. खलनायकाची दुष्टता गुन्ह्याच्या आकड्यात मोजायची नसून तो कोणाला छळायला निवडतो त्यावरून ओळखायची, हे त्यांनी मुलांना समजेल अशा भाषेत सांगितलं.

आणि फेलुदा हे विसरत नाही. ‘जय बाबा फेलूनाथ’च्या शेवटी चोरी उघडकीला आल्यावरही त्याचं काम संपलेलं नसतं. तो मगनलालच्या आजूबाजूला एकेक करत गोळ्या झाडतो. तपासाच्या दृष्टीने त्याची काही गरज नाही. ते मित्राच्या अपमानाचं उत्तर आहे, आणि एरवी बर्फासारखा थंड असलेला हा माणूस आतून किती हलला होता, ते तिथे कळतं.

लालमोहनबाबू भित्रे आहेत, ही गोष्ट म्हणूनच महत्त्वाची. ‘सोनार केल्ला’त ते कुकरी घेऊन येतात, ‘बाक्स रहस्य’त बूमरँग. शस्त्र बदलतं, भीती तशीच राहते. बनारसच्या अनुभवानंतर त्यांनी पुढच्या प्रवासाला नकार दिला असता तर कोणी बोट ठेवलं नसतं. घर होतं, पुस्तकं खपत होती, पोटापाण्याची चिंता नव्हती. तरी ते काठमांडूला जातात. धाडसी माणसाच्या निष्ठेची परीक्षा होतच नाही, कारण त्याला तिकडे जायचंच असतं. पाय लटपटत असताना जो पिशवी भरतो, त्याच्या निष्ठेला काहीतरी मोल पडतं. हे टोपणनाव सुचताना रायांच्या मनात काय होतं ते असो, रामायणातला जटायू तरी वेगळा काय करतो? रावणाशी आपण जिंकणार नाही हे त्या म्हाताऱ्या पक्ष्याला दिसत होतंच. इगतपुरी तालुक्यातल्या सर्वतीर्थ टाकेदला लोक आजही जातात, ते तो जिथे पडला असं मानतात त्या जागेच्या दर्शनाला.

आजच्या मुलांना सोबती भेटतो तो बहुधा ॲनिमेशनमध्ये. 2008 पासून चालू असलेल्या ‘छोटा भीम’मध्ये राजू आहे, जग्गू माकड आहे. मालिका गोड आहे, मुलं रमतात. पण लांबत जाणाऱ्या ॲनिमेशन मालिकेची एक अडचण असते: कुठलाही भाग कुठल्याही क्रमाने दाखवता यावा म्हणून प्रत्येक भागाच्या शेवटी सगळं पूर्ववत व्हावं लागतं. काल सोबत्यावर जे ओढवलं ते आज कोणाला आठवत नाही. त्याची निष्ठा मग सवयीसारखी दिसू लागते. आणि राजूला नायक करायचं ठरलं तेव्हा ‘मायटी राजू’मध्ये त्याला अचाट शक्ती द्यावी लागली. साधा, घाबरणारा मुलगा स्वतःच्या बळावर गोष्ट पेलू शकेल, एवढा विश्वास निर्मात्यांना वाटला नसावा. कोलकात्यात ‘कुट्टुस’ या बंगाली नावाने घरोघरी पोचलेल्या टिनटिनच्या कुत्र्याचंही असंच झालं. एर्जेच्या चित्रकथांत तो स्वतःशी बोलतो, कुरकुरतो, मोहात पडतो. 1991 पासून आलेल्या ॲनिमेशन मालिकेत त्याचे विचार ऐकू येत नाहीत. उरतो तो मालकामागे धावणारा चपळ कुत्रा.

फेलुदाही ॲनिमेशनमध्ये आला. 2010-11 च्या सुमारास डिस्ने चॅनेलसाठी काठमांडूचीच कथा निवडली गेली. चित्रातून चालती-बोलती होण्यासाठी लालमोहनबाबूंइतकं सोयीचं पात्र नाही: गोल चेहरा, टक्कल, मिशी, घाबरल्यावर विस्फारणारे डोळे. धोकाही तिथेच आहे. डोळे विस्फारणं काढता येतं. त्यानंतरही बरोबर जाणं काढायला वेळ लागतो, बऱ्याच कथांचा वेळ.

हे पात्र मुळात चित्रच होतं. आपल्या कथांची चित्रं राय स्वतः काढत. 1974 च्या ‘सोनार केल्ला’ चित्रपटात संतोष दत्त लालमोहनबाबू झाले आणि त्यानंतरच्या कथांतलं रायांचं रेखाटन बदललं. कागदावरचा माणूस नटासारखा दिसू लागला. संतोष दत्त पेशाने वकील होते, कोर्ट सांभाळून काम करत. एखाद्या नटाला एवढा मान देणारा लेखक विरळा. 1988 मध्ये दत्त गेले. त्यांच्याशिवाय आता फेलुदावर चित्रपट नाही, ही रायांची भूमिका कोलकात्यात सगळ्यांना ठाऊक आहे, आणि तसा चित्रपट त्यांनी केलाही नाही. नायक सौमित्र चॅटर्जी तेव्हा हयात होते, काम करत होते. अडलं ते सोबत्यापाशी.

पुढे रायांचे चिरंजीव संदीप राय यांनी मालिका सुरू ठेवली. लालमोहनबाबू म्हणून रवी घोष आले, 2003 पासून विभू भट्टाचार्य आले. 2011 मध्ये विभू भट्टाचार्य गेल्यावर निवडलेल्या कथा पाहाव्यात: 2014 चा ‘बादशाही आंगटी’ आणि 2016 च्या ‘डबल फेलुदा’तल्या दोन्ही कथा. या तिन्हींत जटायू नाही. नायक दरम्यान बदलला, पुन्हा जुना आला, काही बिघडलं नाही. जटायूची जागा मात्र अनेक वर्षं रिकामी ठेवून पुढे जावं लागलं.

या आधीची एक गोष्ट मराठी माणसाने अभिमानाने सांगावी अशी आहे. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनसाठी संदीप राय यांनी काठमांडूची कथा हिंदीत केली, ‘किस्सा काठमांडू का’. फेलुदा झाले शशी कपूर, तोपशे अलंकार जोशी आणि लालमोहनबाबू डॉ. मोहन आगाशे. ‘घाशीराम कोतवाल’मधला नाना फडणवीस, ती सत्तेची मस्ती आणि लवचीक क्रौर्य ज्यांनी रंगमंचावर पाहिलं होतं, त्यांना हाच नट एलएसडीचा खडा चहातून घेणाऱ्या भोळ्या माणसाच्या भूमिकेत भेटला. आगाशे व्यवसायाने मनोविकारतज्ज्ञ. समोर मगनलाल म्हणून पुन्हा उत्पल दत्तच होते.

फेलुदाच्या कथांवरचे आक्षेप खोटे नाहीत. उत्तरार्धातल्या काही कथांत रहस्य पातळ झालंय आणि लालमोहनबाबूंच्या गमतींनी पानं भरली आहेत. या मैत्रीत स्त्रियांना जवळपास जागा नाही; हा आक्षेप जास्त गंभीर आहे, आणि त्या कथा मुलामुलींनी बरोबरीने वाचल्या म्हणून तो सौम्य होत नाही. आज कोणी नवा लालमोहन रचला तर त्या हिरव्या गाडीत एखाद्या मुलीला बसवावंच लागेल.

राय 23 एप्रिल 1992 रोजी गेले. त्याच वर्षी ‘रॉबर्टसनेर रुबी’ छापून आली. वीरभूमचा प्रवास, एक मौल्यवान खडा, त्यावर डोळा ठेवून असलेली माणसं. बनारसचे सुरे, काठमांडूचा चहा आणि मगनलालसमोरचं ते गाणं हे सगळं तोवर घडून गेलेलं असतं. लालमोहनबाबू निघताना त्यातलं काही बोलून दाखवत नाहीत. प्रवासाला ते याही वेळी बरोबर आहेत.