पाकींच्या फळ्या

होनोलुलूच्या बिशप म्युझियमबाहेर दगडी भिंतीला तारेने बांधलेले जुने सर्फबोर्ड वर्षानुवर्षं ऊन-पाऊस खात होते. जलतरणपटू टॉम ब्लेकची नजर त्यांच्यावर पडली. चौदा फुटांहून लांब, केवळ राजघराण्यातल्यांनी वापरायच्या त्या 'ओलो' फळ्या होत्या हवाईचे सरदार आब्नेर पाकी यांच्या. पाकी १८५५ मध्ये वारले. ज्या बर्निस पावाही बिशप यांच्या स्मरणार्थ १८८९ मध्ये हे संग्रहालय उभं राहिलं, त्या पाकींच्याच कन्या!

ब्लेकने या फळ्यांची डागडुजी मनापासून केली. जुना रंग खरवडला, किडीने पोखरलेली भोकं बुजवली, लाकूड घासूनपुसून गुळगुळीत केलं.

खरी मौज पुढे आहे. जुनी वस्तू हाताळणाऱ्याला ती किती शिकवते पाहा. १९२६ मध्ये ब्लेकने रेडवुडच्या अखंड फळीपासून तसाच बोर्ड करायला घेतला. तो फार जड भरत होता, म्हणून लाकडाला शेकडो भोकं पाडली, ते वाळू दिलं आणि दोन्ही बाजूंनी पातळ लाकडाचा थर बसवून भोकं झाकली. त्यातूनच ब्लेकचा पोकळ सर्फबोर्ड आकाराला आला आणि १९३२ मध्ये त्याला पेटंटही मिळालं. पाकींच्या मूळ फळ्या आजही बिशप म्युझियमच्या संग्रहात आहेत.