राखाडी पट्टी

फोटो बाजूला ठेवा. चेहरे नकोत, सूर्यास्त नको, पैठणीचे काठही नकोत. त्यांच्यात डोळा गुंततो.

प्रिंटर रंग खरे छापतो का, हे बघायला एक राखाडी पट्टी छापा. एका टोकाला गडद काळी, फिकी होत होत दुसऱ्या टोकाला कोरा कागद.

ऐका. प्रिंटरचं हेड जातं, येतं. जातं, येतं.

कागद हातात आला. लगेच काही ठरवू नका. शाई ओली आहे, वाळताना तिचा रंग जरा सरकतो. काटेकोर मोजमाप करणारे २४ तासही थांबतात. आपण चहा होईपर्यंत थांबू.

श्वास घ्या. सावकाश सोडा.

ट्यूबलाइट बंद करा. पट्टी घेऊन खिडकीशी या. थेट उन्हात नको, उन्हाच्या शेजारी. छपाईवाले रंग पारखायला ५००० केल्विनचा प्रकाश वापरतात. पिवळ्या बल्बखाली सगळेच राखाडी तांबूस वाटतात.

बघा. नुसतं बघत राहा.

हा राखाडी एक दिसतो, पण बहुतेक प्रिंटरांत तो सायन, मॅजेंटा, पिवळ्या आणि काळ्या थेंबांचा असतो. थेंब पिकोलिटरमध्ये मोजण्याइतके बारीक. एखादी शाई जरा कमी पडली, की राखाडी बिघडतो. गुलाब मात्र लालच दिसत राहतो. चाचणीला फुलं छापणाऱ्यांचं म्हणूनच मला नवल वाटतं.

राखाडीत दुसऱ्या रंगाची झाक कुठे आहे? मधल्या राखाडीत? गडद टोकाला? नजर तिथेच राहू द्या.

हिरवट वाटतंय? मॅजेंटा कमी पडत असेल. तांबूस? मग सायन. निळसर? पिवळा.

उत्तर सुचलं तरी उठू नका. आणखी एक श्वास.

आता नोझल चेक छापा. पायऱ्यापायऱ्यांच्या बारीक रेघा. एकेक रेघ डोळ्यांनी चालत जा. पिवळ्या रेघा पांढऱ्या कागदात हरवतात; निळ्या उजेडात धरा, त्या काळपट होऊन वर येतात.

रेघ तुटली असेल तिथे थांबा. एकदा हेड क्लीनिंग करा. पुन्हा बघा. क्लीनिंगचा सपाटा लावू नका, दर वेळी शाई वाया जाते.

रेघा अखंड आहेत आणि झाकही आहे?

मग दोष बहुधा शाईत नाही. प्रिंटरचा ड्रायव्हर उघडा, सेटिंग सावकाश वाचा. कागद ग्लॉसी आणि निवड मॅटची, असं आहे का? रंगाचं प्रोफाइल याच कागदाचं आहे का?

आणि इथे जास्त वेळ थांबा: फोटोशॉपही रंग सांभाळतंय आणि ड्रायव्हरही. एकाच आमटीत दोघांनी मीठ घातल्यासारखं. पुष्कळदा लालसर, मॅजेंटाकडे झुकलेली प्रिंट येते ती यातून. एकालाच काम द्या. फोटोशॉपकडे ठेवलंत, तर ड्रायव्हरमधलं कलर मॅनेजमेंट बंद करा.

मॉनिटरकडे अजून वळू नका. त्याचा उजेड स्वतःचा, कागदाचा उसना. मॉनिटर फार झगझगीत ठेवला, तर चांगली प्रिंटही काळवंडलेली वाटते. त्याचा ब्राइटनेस नंतर बघू.

तीच पट्टी पुन्हा छापा. वाळू द्या.

दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवा. आधी जुनी बघा, मग नवी. परत जुनी.

नवीच्या पाठीवर पेन्सिलीनं कागदाचं नाव, प्रोफाइल आणि आजची तारीख लिहा. जुनीवरही लिहा, कोणती सेटिंग चुकली होती ते.