माप आणि मोल

समाजमाध्यमांवर खोट्या मार्गाने पसंती मिळविणाऱ्यास आपण लबाड म्हणतो आणि मोकळे होतो. परंतु तेवढ्याने प्रश्न सुटत नाही. एरवी सचोटीने वागणारी माणसेदेखील तेथे आकड्यांच्या मागे का लागतात, याचा विचार केला पाहिजे.

यूट्यूबचेच उदाहरण घ्या. चित्रफीत किती जणांनी उघडली, या आकड्याला तेथे पूर्वी मोठे महत्त्व होते. तेव्हा लोकांनी आत नसलेल्या गोष्टींचे भडक मथळे लावले. २०१२ साली कंपनीने माप बदलले व चित्रफीत किती वेळ पाहिली गेली, यास अधिक वजन दिले. मग लोकांनी चित्रफिती ताणल्या. दहा मिनिटांहून लांब चित्रफितीत मधेमधे जाहिराती घालता येत, म्हणून चार मिनिटांचे सांगणे अकरा मिनिटांवर गेले. २०२० साली ही मर्यादा आठ मिनिटांवर आली. माप बदलले, वृत्ती तीच राहिली.

ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ साली हेच दाखविले की, एखाद्या मापाचा नियंत्रणासाठी वापर सुरू झाला की त्या मापाचा भरवसा उरत नाही. शाळेत आपण हे रोज पाहतो. गुण हे ज्ञानाचे माप. पण बक्षीस गुणांनाच मिळू लागले की विद्यार्थी पुस्तक मिटतो आणि अपेक्षित प्रश्नांची उत्तरे घोकतो.

मग दोष कोणाचा? कंपनीचा आहेच. जाहिरातींवर जगणारी कंपनी आपल्या नफ्याचे माप निवडते, सत्याचे नव्हे. परंतु सारा दोष व्यवस्थेवर टाकला तर माणूस कळसूत्री बाहुली ठरतो. २०१६ साली मॅसिडोनियातील वेलेस गावच्या काही तरुणांनी अमेरिकेच्या निवडणुकीविषयी खोट्या बातम्या पसरवून जाहिरातींचे पैसे मिळविले. त्या गावात रोजगार थोडा होता. गरिबीने त्यांचे कृत्य समजते, पण खोटे त्यामुळे खरे होत नाही. फसला तो दूरदेशीचा वाचक.

खोट्या पसंतीने खऱ्या पसंतीचेही मोल जाते. मनापासून लिहिणाऱ्याच्या शब्दावरही मग कोणी विश्वास ठेवीत नाही. म्हणून काही लिहिण्यापूर्वी प्रत्येकाने स्वतःस विचारावे: हा आकडा कोणालाच दिसला नसता, तरी मी हेच लिहिले असते काय? घरातील मुलांनाही हा प्रश्न विचारावयास शिकवावे.