नचिकेत तीन रात्री थांबला होता



आजचं चिंतन कठोपनिषदावर. पहिला अध्याय, दुसरी वल्ली, सुरुवातीचे दोन मंत्र. यमराज नचिकेताला सांगतात की माणसाच्या वाट्याला दोन गोष्टी येतात, श्रेय आणि प्रेय. श्रेय म्हणजे ज्याने आपलं खरं भलं होतं ते, आणि प्रेय म्हणजे जे आत्ता, या क्षणी गोड वाटतं ते. दोन्ही येतात, आणि एकमेकांत मिसळून येतात. शहाणा माणूस थांबून ती वेगळी करतो. बाकीचे जे पहिलं हाताला लागेल ते उचलतात.

परवा एका मित्राने विचारलं, "दादा, नवीन गेमिंग कन्सोल बाजारात आलं की पहिल्याच दिवशी घ्यावं का? उपनिषदात याचं उत्तर आहे का?" तो गंमत करत होता. पण मी गप्प झालो, कारण या प्रश्नाचा एक जुना हिशोब माझ्याकडे आहे.

जानेवारी २०२१. प्लेस्टेशन ५ अमेरिका-जपानमध्ये १२ नोव्हेंबर २०२० ला आलं होतं, भारतात येणार होतं २ फेब्रुवारीला. किंमत ४९,९९० रुपये. आगाऊ नोंदणी १२ जानेवारीला दुपारी बारा वाजता सुरू. मी तेव्हा कर्जतला घरूनच काम करत होतो. पगार चालू होता, बाहेर फिरणं बंद होतं, त्यामुळे खात्यात पैसे होते. एक्सेल शीट केली होती. कन्सोल ४९,९९०, एक गेम ४,९९९, दुसरा कंट्रोलर ५,९९०, एकूण ६०,९७९. टीव्हीच्या खालची जागासुद्धा मोजून ठेवली होती!

त्याच दिवशी साडेबाराला खोपोलीला बाबांची डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ होती. मोतीबिंदू पिकला होता, ऑपरेशनची तारीख ठरायची होती. लोकल तेव्हा सगळ्यांसाठी सुरू झाली नव्हती (ती १ फेब्रुवारीला झाली), म्हणून गाडीने मी नेणार असं आठवडाभर आधीच ठरलेलं.

पावणेबाराला बाबा चप्पल घालून, फाईल हातात घेऊन पडवीत बसले. मी म्हटलं, "पाचच मिनिटं." बारा वाजले. पान उघडेना. रिफ्रेश. कार्टमध्ये आलं, पैसे भरायच्या पानावर अडकलं. परत रिफ्रेश. काही मिनिटांत सगळीकडे एकच पाटी, स्टॉक संपला. मी दुसरं दुकान, तिसरं दुकान, मित्राचं लॉगिन असं करत राहिलो. आई दोनदा दारात येऊन गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा मी तिच्यावर ओरडलो. काय बोललो ते इथे लिहीत नाही.

भानावर आलो तेव्हा एक वाजून गेला होता. बाबा तसेच बसलेले. फाईल मांडीवर. म्हणाले, "राहू दे. डॉक्टर एकला उठतात."

एवढंच. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात ६२ आणि ६३ या श्लोकांत भगवंतांनी एक साखळी सांगितली आहे. विषयाचं सतत चिंतन केलं की त्यात मन गुंततं, गुंतलं की हवंसं होतं, हवंसं मिळालं नाही की राग येतो, रागातून मोह, मोहातून स्मृती ढळते, आणि स्मृती ढळली की बुद्धी जाते. शाळेत हे श्लोक पाठ केले तेव्हा वाटायचं, हे कुठल्या तरी मोठ्या पापाबद्दल असेल. त्या दुपारी कळलं की ही पूर्ण साखळी तासाभरात, लॅपटॉपसमोर खुर्चीवर बसल्या बसल्या चालते. स्मृती ढळणं म्हणजे वेडं होणं नव्हे. पडवीत बाप बसलाय, हे विसरणं.

दोन दिवसांनी संक्रांत होती. त्याच दिवशी डॉक्टरांनी पुन्हा वेळ दिली. घरात तिळगूळ हातावर ठेवून गोड बोलायचा दिवस, आणि मी आईच्या नजरेला नजर देऊ शकत नव्हतो. पळसदरीच्या रस्त्याने खोपोलीला गेलो. ऑपरेशनची तारीख मिळाली. बाबा म्हणाले, "महड जवळच आहे, जाऊन येऊ."

महडचा वरदविनायक म्हणजे आपल्या खालापूर तालुक्यातला अष्टविनायक. वर देणारा म्हणून वरद. मास्क लावून, अंतर ठेवून रांगेत उभे राहिलो. समोर पोचलो, हात जोडले, डोळे मिटले. आणि खरं सांगतो, सगळ्यात आधी मनात काय आलं? पुढचा स्टॉक कधी येईल. बाबांचा डोळा नाही, आईची माफी नाही. वर देणाऱ्या देवासमोर मी एक ऑर्डर नंबर मागत होतो.

गाडीत बसल्यावर बाबांना हे सांगून टाकलं. वाटलं, आता तरी बोलतील. ते हसले. म्हणाले, "अरे, हवं ते माग की देवाकडे. लहान असताना पतंग मागायचास तसं. पण मागून झाल्यावर जरा थांब ना. त्याला विचार करायला वेळ दे, तुलाही मिळेल."

त्या रात्री कठोपनिषद काढलं. नचिकेताची गोष्ट सगळ्यांना माहीत असते ती अशी की यमाने त्याला हत्ती, घोडे, सोनं, रथ, शेकडो वर्षांचं आयुष्य देऊ केलं आणि त्या मुलाने नाही म्हटलं. आपण या नकाराचंच कौतुक करतो. पण त्या रात्री मला त्याच्या आधीच्या दोन गोष्टी दिसल्या.

पहिली. नचिकेत यमाच्या दारात पोचला तेव्हा यम घरी नव्हता. मुलगा तीन रात्री उपाशी थांबला. तीन वर मिळाले ते त्या तीन रात्रींचे. म्हणजे नाही म्हणायची ताकद त्याला अचानक आली नाही. आधी त्याला थांबता येत होतं. ज्याला थांबता येतं त्यालाच निवडता येतं. ज्याला थांबता येत नाही त्याची निवड समोरचा करून टाकतो, आणि आपल्याला वाटतं आपण ठरवलं. बाराच्या ठोक्याला उघडणारं पान आणि काही मिनिटांत संपणारा माल, यात श्रेय आणि प्रेय वेगळं करायला जागाच नसते.

दुसरी. पहिला वर त्याने काय मागितला? ब्रह्मज्ञान नाही. ते तिसरं. पहिला वर वडिलांसाठी, त्यांचा राग शांत व्हावा, मन निवांत व्हावं, परत गेल्यावर त्यांनी मला ओळखून जवळ घ्यावं. ज्या बापाने रागाच्या भरात 'तुला मृत्यूला देतो' म्हटलं, त्याच बापासाठी! मी इथे पुस्तक मिटलं. पुढचं दुसऱ्या दिवशी वाचलं.

आता कोणी म्हणेल, म्हणजे कन्सोल घेऊच नये, हेच सांगायचंय ना? नाही. आणि 'थांबलात तर स्वस्त मिळेल' हेही मी सांगणार नाही. ते कधी खरं असतं, कधी नसतं. प्लेस्टेशन ३ चं ६० जीबीचं मॉडेल २००६ साली अमेरिकेत ५९९ डॉलरला आलं, २००९ साली नवं मॉडेल २९९ डॉलरला मिळू लागलं. निन्टेन्डो ३डीएस २०११ मध्ये अमेरिकेत जवळपास २५० डॉलरला आलं आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये १७० वर उतरलं. थांबणारे जिंकले. पण प्लेस्टेशन ५ चं उलटं झालं. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतात त्याची किंमत वाढून ५४,९९० झाली. पहिल्या दिवशी घेणारे फायद्यात राहिले. म्हणजे संयमाला आपण काटकसरीचा दागिना घालत असू, तर बाजार तो केव्हाही काढून घेईल. संयम फायद्यासाठी केला तर तोही प्रेयच.

मग थांबायचं कशाला? आपल्याच भागातलं उदाहरण घ्या. घाटावर पाऊस सगळीकडेच पडतो आणि उतारावरून धो-धो वाहून जातो. पण लोणावळा, वळवण, शिरवता या तलावांत जे पाणी अडवलं, ते पाईपातून खाली खोपोलीला येतं आणि १९१५ पासून तिथे वीज तयार होते. वीज करून झाली की तेच पाणी पाताळगंगेत सोडतात, म्हणून उन्हाळ्यातही नदीला पाणी असतं. पाणी तेच, घाटही तोच. अडवलं म्हणून ते काही नष्ट झालं नाही. वेळेवर, मापात सोडलं म्हणून कामाला आलं. इच्छेचं तसंच आहे. इच्छा मारायची नाही, तिला बांध घालायचा. किती सोडायचं याची चावी आपल्याकडे ठेवायची.

मी तेव्हापासून एक साधा नियम पाळतो. मोठी इच्छा झाली की एका संकष्टीपासून पुढच्या संकष्टीपर्यंत तिला थांबवायचं. चंद्रोदयाला देवासमोर बसून तीन प्रश्न विचारायचे. एक, हे मिळालं नाही तर माझा राग कोणावर निघेल? नाव आठवलं, तर अजून वेळ झालेली नाही. दोन, पडवीत कोण बसलंय? म्हणजे माझ्या कोणत्या शब्दाची कोणी वाट बघतंय? आधी ते. तीन, या वस्तूला रुपये एकदाच लागतील, पण संध्याकाळ रोज लागेल. ती कोणाच्या वाट्याची संध्याकाळ आहे?

या तीन प्रश्नांत माझ्या प्लेस्टेशनला किती संकष्ट्या लागल्या? बावीस-तेवीस! दुसरा प्रश्न अडत नव्हता. बाबांचा डोळा फेब्रुवारीत झाला, चांगला झाला. आईची माफी त्याच आठवड्यात मागितली, आणि तिने "जेवून घे" म्हणत विषय संपवला. अडत होता पहिलाच प्रश्न. प्रत्येक वेळी स्टॉक आल्याची बातमी वाचली की छातीत तीच धडधड, तोच बारा वाजताचा राग. मग एकदा लक्षात आलं की बातमी वाचली आणि काहीच झालं नाही. चहा पीत होतो, पीत राहिलो.

डिसेंबर २०२२ मध्ये कन्सोल घेतलं. पाच हजार जास्त दिले. मित्र हसले. मला ती रक्कम महाग वाटली नाही. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत न शिकलेला एक धडा त्यात होता.

रविवारी भाचा येतो तेव्हा आम्ही खेळतो. बाबा मागे बसून नव्या डोळ्याने बघतात. माझी गाडी भिंतीवर आपटली की म्हणतात, "हा तुझा ड्रायव्हर सिग्नल बघतच नाही का रे?" एरवी कन्सोल बरेच दिवस बंद असतं, आणि ते बंद आहे हे माझ्या लक्षातही येत नाही. मला वाटतं प्रेय त्याच्या जागेवर बसलं की असं होतं. ते घरात असतं, डोक्यात नसतं.

तर मित्रा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. पहिल्या दिवशी घ्यावं का? घे, जर दुसऱ्या दिवशी न मिळताही तुझा चहा गोड लागणार असेल. आणि लागणार नसेल, तर ती वस्तू अजून तू घेत नाहीस, ती तुला घेतेय. यमाच्या दारात तीन रात्री बसलेला तो मुलगा आठव. तुला तर फक्त एक संकष्टी ते दुसरी संकष्टी एवढंच थांबायचंय.

आजचा अभ्यास: आत्ता जी वस्तू सगळ्यात जास्त हवीशी वाटतेय तिचं नाव एका कागदावर लिहा. त्याच्या खाली, आज तुमची वाट बघणाऱ्या एका माणसाचं नाव लिहा. आधी खालच्या नावाला फोन करा.

उद्या याच वल्लीतला पुढचा मंत्र घेऊ.

गणपती बाप्पा मोरया. राम कृष्ण हरी.