शेडरची साक्ष आणि प्रामाण्याचा वाद

ज्ञानाचे प्रामाण्य त्या ज्ञानातच अनुस्यूत असते की बाहेरून पडताळून ते सिद्ध करावे लागते, हा मीमांसक आणि नैयायिक यांच्यातील जुना वाद आता पाठशाळांच्या दप्तरातच उरला आहे अशी पुष्कळांची समजूत असली, तरी ज्याने लिनक्सवर चित्रफीत लावली आणि चित्राऐवजी काळा पडदा व टर्मिनलमध्ये शेडरच्या त्रुटीची ओळ पाहिली, त्याला तो वाद, त्याचे नाव ठाऊक नसतानाही, निस्तरावा लागतो.

शेडर म्हणजे ग्राफिक्स कार्डावर चालणारा लहानसा प्रोग्राम. चित्रफितीत रंग बहुधा लाल, हिरवा, निळा असे साठवलेले नसून तेजाची एक राशी आणि रंगभेदाच्या दोन राशी अशी त्यांची मांडणी असते. पडद्यावर येताना तिचे रूपांतर हा प्रोग्राम प्रत्येक बिंदूसाठी स्वतंत्रपणे करतो, आणि १९२० बाय १०८० मापाच्या एका फ्रेममध्ये असे २०,७३,६०० बिंदू असतात. ओपनजीएल या ग्राफिक्स-मानकाच्या २००४ सालच्या २.० आवृत्तीत जीएलएसएल ही शेडरभाषा मुळातच समाविष्ट झाली. तिच्यातील शेडर सामान्यतः मूळ मजकुराच्या रूपातच ड्रायव्हरच्या हवाली होतो आणि त्याचे यंत्रभाषेत रूपांतर पाहणाऱ्याच्या संगणकावर, ऐन वेळी होते. म्हणजे लिहिणाऱ्याच्या घरी निर्दोष ठरलेला मजकूर पाहणाऱ्याच्या घरी पुन्हा नव्याने चौकशीला उभा राहतो, आणि लिनक्सवर ही चौकशी करणारा अंमलदार बहुधा मेसा हा ड्रायव्हर-संच असतो.

जुन्या इंटेल चिपच्या लॅपटॉपवर हा अंमलदार पूर्वी मारत असे त्यांपैकी एक शेरा असा, की पहिल्याच ओळीत दोष आहे, जीएलएसएल ३.३० येथे चालत नाही, चालणाऱ्या आवृत्त्या १.१०, १.२० आणि १.३०. सातव्या शतकातील मीमांसक कुमारिल भट्टांचे मत असे, की उत्पन्न झालेले ज्ञान स्वतःच प्रमाण असते. त्याला बाधक असे दुसरे ज्ञान होईपर्यंत किंवा ज्या साधनाने ते झाले त्या साधनाचा दोष उघड होईपर्यंत त्याच्यावर अविश्वास दाखवण्याचा अधिकार कोणाला नाही. त्या न्यायाने वापरणारा शेऱ्यावर विश्वास ठेवतो, आणि कार्ड जुने झाले असा निष्कर्ष काढून नव्याच्या किमती पाहू लागतो.

परंतु त्याच यंत्रावर ड्रायव्हरची माहिती छापणारा ग्लक्सइन्फो चालवला तर ओपनजीएलच्या आवृत्तीविषयी दोन निराळ्या ओळी मिळत : कोअर प्रोफाइलमध्ये, म्हणजे जुन्या सोयी वगळलेल्या रूपात, ३.३, आणि त्याशिवाय ३.०. मेसाच्या पूर्वीच्या आवृत्त्यांत अनेक वर्षे असाच दस्तुर होता. प्रोग्रामने कोअर प्रोफाइल स्पष्ट शब्दांत मागितला तरच ३.३ आणि त्याबरोबरची ३.३० ही शेडरभाषा मिळे, एरवी १.३० वर बोळवण होई. शेरा खोटा नव्हता. तो एका विशिष्ट संदर्भापुरता खरा होता आणि तो संदर्भ ओळीत लिहिलेला नव्हता. नैयायिक या मर्यादेला अवच्छेदक म्हणतात. नव्यन्यायाची ती किचकट परिभाषा ज्यांना निव्वळ शब्दजंजाळ वाटते, त्यांनी हे दोन आकडे एकदा शेजारी ठेवून पाहावेत. येथे चूक शब्दाची नसून त्यावर रचलेल्या अनुमानाची होती, आणि इथवर कुमारिलांना कोणी पेचात पकडलेले नाही.

पेच पुढे येतो. या दुखण्यावर सर्रास सांगितला जाणारा एक उपाय असा, की एन्व्हायर्नमेंटमध्ये ‘मेसा जीएलएसएल व्हर्जन ओव्हरराइड’ या चलाला ३३० ही किंमत द्यावी. त्याने कार्डाला नवे सामर्थ्य येत नाही, आपण ३.३० जाणतो अशी जबानी ड्रायव्हर देऊ लागतो, इतकेच. फिर्याद नाहीशी होते, कधी चित्रही दिसते, आणि कधी फिर्यादीविना चुकीचे चित्र दिसते. जो साक्षीदार मालकाच्या सांगण्यावरून जबानी फिरवतो, त्याच्या मौनाला पुरावा मानणे हे मला तरी मान्य नाही.

याहून सूक्ष्म प्रकरण रंगांचे आहे. जुन्या दूरदर्शन-चित्रासाठी बीटी.६०१ आणि एचडीसाठी बीटी.७०९ अशी रूपांतराची दोन निराळी गणिते आहेत. प्लेअरने एकाच्या जागी दुसरे लावले तरी शेडर विनातक्रार कंपाइल होतो, लॉग स्वच्छ राहतो. फक्त लाल आणि हिरवा किंचित सरकतात. कावीळ झालेल्याला शंख पिवळा दिसतो, हे दोन्ही दर्शनांचे आवडते उदाहरण; पण त्या रोग्याला निदान शंख पांढरा असतो हे आधीपासून ठाऊक असते. येथे मूळ दृश्य कोणी पाहिलेलेच नाही, तेव्हा बाधक ज्ञान उत्पन्न व्हावे कोठून? मग कोणी सॉफ्टवेअर रेंडरिंग सक्तीने लावून एलएलव्हीएमपाइपकडून, म्हणजे कार्डाला वगळून प्रोसेसरकडून, तेच चित्र काढून घेतो, आणि दोन्ही चित्रे जुळली म्हणून समाधान पावतो. वास्तविक दोघांनाही तेच चुकीचे गणित प्लेअरनेच पुरवलेले असते. या पडताळणीने कार्ड निर्दोष ठरेल. चित्र खरे ठरणार नाही.

खरी रुजुवात व्हायची तर जिच्या किमती आधीच लिखित आहेत अशी रंगपट्टी लावून पडद्यावरचे आकडे मोजावे लागतात. यावर मीमांसक विचारणार, की त्या पट्टीची ग्वाही कोण देणार, आणि तिची ग्वाही देणाऱ्याची कोण? अनवस्थेचा हा आक्षेप थोर आहे. स्वतः कुमारिलांनी तीन-चार ज्ञानांपलीकडे शोध नेण्याची गरज नाही असे म्हटले आहे, आणि दोष शोधणाऱ्या कुशल माणसाचा अनुभवही याहून फारसा निराळा नसावा. मात्र तो थांबतो ते चौथे ज्ञान स्वयंसिद्ध असते म्हणून नव्हे. मोजलेला आकडा लिखित आकड्याशी जुळला आणि प्रवृत्ती, म्हणजे त्या ज्ञानावर बेतलेली कृती, सफल झाली म्हणून. चौदाव्या शतकात मिथिलेच्या नैयायिक गंगेशांनी ‘तत्त्वचिंतामणी’त परतःप्रामाण्याचा, म्हणजे प्रामाण्य बाहेरून पडताळून ठरते असा, जो पक्ष मांडला, तो या कामापुरता मला अधिक ग्राह्य वाटतो.

तेव्हा वाचकांना विनंती एवढीच, की अशी फिर्याद कोणाकडे न्यायची झाल्यास ओव्हरराइड आधी काढून टाकावा. लॉगमधील पहिली त्रुटी जशीच्या तशी उतरवून घ्यावी, कारण पुढच्या त्रुटी पुष्कळदा तिच्यापासूनच जन्मलेल्या असतात. आणि तिच्यासोबत ग्लक्सइन्फोच्या दोन्ही ओळी व मेसाची आवृत्ती जोडावी.