चार दिवसांची सेवा

परक्या गांवीं जाऊन चार दिवस सत्कृत्य करावें व पांचव्या दिवशीं आपल्या घरीं परत यावें, ह्यांत दोष तो कोणता, असें कोणीं पूर्वीं विचारलें असतें तर आम्हीं तो प्रश्न हंसण्यावारी नेला असता. भुकेल्यास एक वेळ जेवूं घालणारास "उद्यांचें काय?" म्हणून कोणी अडवीत नाहीं. परंतु कांहीं वर्षांपूर्वीं घडलेल्या एका लहानशा प्रसंगापासून हा प्रश्न आमच्या मनांत ठाण मांडून बसला आहे. तो वाचकांपुढें मांडण्याचा विचार आहे.

आमच्या दिग्रसहून यवतमाळ, तेथून पांढरकवडा व पाटणबोरी असें गेलें म्हणजे पैनगंगा लागते. पूल ओलांडला कीं तेलंगण. जमीन तीच काळी, शेतांत कापूस तोच. पाट्यांवरचीं अक्षरें तेवढीं गोल होतात. आमच्या वडिलांची आदिलाबादच्या कापूसबाजारांत देवघेव असे, त्यामुळें लहानपणच्या कित्येक सुट्ट्या आम्हीं तिकडे काढल्या, आणि बाजारापुरती तेलुगु आमच्या कानांत बसली. त्या बाजूच्या एका खेड्यांत स्नेह्याच्या शेतावर आम्ही उतरलों असतां तेथें एक ख्रिस्ती सेवापथक आलेलें दिसलें. चार मंडळी परदेशची होती, बाकीची हैदराबाद-बंगळूरकडील शिकलेलीं मुलें. मुक्काम दहा दिवसांचा. त्यांनीं शाळेच्या भिंती रंगविल्या, पोरांस खेळ शिकविले, अशक्त बायांना शक्तीच्या गोळ्या दिल्या, आणि संध्याकाळीं देवळासमोरच्या नव्हे, पलीकडच्या वस्तींतील पटांगणांत गाणीं म्हणून येशूची गोष्ट सांगितली. वागणें आर्जवी, कोणाच्या दैवतास नांव ठेवणें नाहीं. हें आम्ही मुद्दाम लिहितों, कारण अशा लोकांविषयीं लिहितांना त्यांस अगोदर कपटी ठरवून टाकण्याची जी सोय आपले लोक करून घेतात, ती आम्हांस येथें नको आहे.

शेवटल्या संध्याकाळीं निरोपाच्या वेळीं एक म्हातारी पुढें आली. पथकांतील एका तरुणाचा हात दोन्हीं हातांत धरून ती म्हणाली, "मळ्ळी एप्पुडु वस्तारु?" पुन्हां केव्हां येणार? दुभाष्यानें तरुणास इंग्रजींत सांगितलें कीं बाई तुमचे आभार मानते आहे. तरुणाचे डोळे भरून आले. त्यानें तिला वांकून नमस्कार केला, आणि उत्तराची वाट पाहात ती तशीच उभी राहिली.

धर्मांतराचा जुना वाद उकरण्याचा आमचा हेतु नाहीं. १९५४ सालीं नियोगी समिति नेमली गेली व १९५६ सालीं तिचा अहवाल आला, तेव्हां आमचा यवतमाळ जिल्हा मध्यप्रदेशांत होता. त्या अहवालानें दोन्ही पक्षांस पुढें कित्येक वर्षें पुरेल एवढें भांडण दिलें. मिशनरीही आम्हांस नवे नव्हेत. फ्री मेथडिस्ट मिशन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून यवतमाळांत आहे. १९५३ सालीं तेथें निघालेलें युनियन बिब्लिकल सेमिनरी हें विद्यालय १९८३ सालीं पुण्यास जाईपर्यंत तेथेंच नांदलें. ते लोक बरे कीं वाईट ह्याविषयीं मतभेद असोत, पण ते राहिले. त्यांच्याशीं भांडावयाचें तर त्यांचें दार ठाऊक होतें. आमचा प्रश्न जे राहात नाहींत त्यांच्याविषयीं आहे.

पहिलें उत्तर सहज सुचतें, आणि आम्हांसही तेंच सुचलें: जो राहील त्यानेंच बोलावें. फादर स्टीफन्स १५७९ सालीं गोमंतकांत उतरला तो १६१९ मध्यें मरेपर्यंत तेथेंच राहिला. जवळजवळ चाळीस वर्षें लोकांची भाषा ऐकली तेव्हां त्याच्या हातून १६१६ सालीं क्रिस्तपुराण छापून निघालें. तेलुगु मुलखांतलें उदाहरण बिशप अझरायाचें. जातीनें तमिळ, म्हणजे डोर्णकलच्या खेड्यांत तोही परकाच; पण तेलुगु शिकला, १९१२ सालीं तेथला बिशप झाला आणि १९४५ सालीं मरेपर्यंत तेंच त्याचें घर होतें. ह्या माणसांनीं ज्यांस नव्या मार्गावर आणलें त्यांच्या भाऊबंदकीचे, सोयरिकीचे, स्मशानाचे प्रश्न त्यांच्याच दाराशीं येऊन पडत. दुसऱ्यास जात-गोत सोडावयास सांगणें ही कांहीं गोळी देण्यासारखी गोष्ट नाहीं. गोळी घशाखालीं उतरली कीं देणाराचें काम संपतें. येथें गिळल्यावरच सुरुवात होते. मुलीस स्थळ कोण देणार, मयतीस खांदा कोण देणार, विहिरीवर काय ऐकावें लागणार, हें विमानांत बसून निघून गेलेल्यास कळावें तरी कसें?

ह्या दृष्टीनें ओंगोलच्या क्लफ साहेबाची गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. तो अमेरिकन बॅप्टिस्ट मिशनरी १८६६ सालापासून तेथें होता. १८७६-७८ च्या घोर दुष्काळांत त्यानें बकिंगहॅम कालव्याच्या कांहीं मैलांच्या खोदाईचा मक्ता घेतला व हजारों उपाशी लोकांस काम दिलें. हे लोक बाप्तिस्मा मागूं लागले. मिशनऱ्यास ह्याहून गोड मागणी कोणती? परंतु त्यानें वर्षाहून अधिक काळ एकासही बाप्तिस्मा दिला नाहीं, कारण भाकरीसाठीं आलेला कोण व देवासाठीं आलेला कोण हें त्यास ओळखतां येईना, आणि ओळखतां येत नाहीं हें कबूल करण्याइतका तो प्रामाणिक होता. मदतीचें काम थांबल्यावर ३ जुलै १८७८ रोजीं एका दिवसांत २,२२२ जणांचा बाप्तिस्मा झाला. ह्या आंकड्याचाच गवगवा फार झाला. आमच्या मतें थोर आंकडा त्याच्या अगोदरचा आहे, आणि तो शून्य आहे. दहा दिवसांसाठीं येणाऱ्यास असें थांबतां येत नाहीं. त्याच्या परतीच्या तिकिटावर तारीख असते.

येथवर आमचा निकाल झालाच होता. पण आम्हीं स्वतःकडे पाहिलें आणि गाडें अडलें.

१९६९ सालीं राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. तिचें सात दिवसांचें शिबिर महाविद्यालयें दर वर्षीं खेड्यांत नेतात, आणि शिक्षक ह्या नात्यानें आम्हींही मुलें नेलीं आहेत. दिग्रसच्या आसपास बंजाऱ्यांचे तांडे पुष्कळ. अशाच एका तांड्यावर आमच्या मुलांनीं शोषखड्डे खणले, व्यसनमुक्तीचें पथनाट्य केलें, समारोपाला सरपंचाच्या हस्ते प्रशस्तिपत्रें घेतलीं. नाट्य पुस्तकी मराठींत होतें. पुढें बसलेल्या बाया घरीं गोरमाटी बोलत. त्या हंसत होत्या तें कशास, हें विचारण्याचें आम्हांपैकीं कोणास सुचलें नाहीं. दोन वर्षांनीं त्या बाजूनें जाणें झालें तेव्हां शोषखड्डे कचऱ्यानें भरलेले होते. दुभाष्याचीही गरज न वाटणारे आम्ही त्या पथकाहून कोणत्या अर्थानें बरे?

दुसरी अडचण याहून मोठी. गाडगे महाराज आमच्या वऱ्हाडचे. दिवसा हातीं खराटा घेऊन गांव झाडावें, रात्रीं कीर्तन करावें आणि सकाळीं पुढल्या गांवास लागावें, हा त्यांचा क्रम १९५६ सालीं देह ठेवीपर्यंत चालला. मुक्काम पहावा तर एका रात्रीचा! आणि मागणें हलकें होतें असेंही नाहीं. देवीपुढें बोकड कापूं नका, कर्ज काढून लग्नें करूं नका, असें ते सांगत. तें ऐकून ज्यानें बोकड कापला नाहीं त्यास दुसऱ्या दिवशीं भावकीशीं तंटा करावाच लागला असेल, आणि तो मिटविण्यास महाराज तेथें नव्हते. मग एकास संत म्हणावें व दुसऱ्यास उपटसुंभ, हा न्याय कीं आपपरभाव?

मुक्कामाच्या लांबीनें हें कोडें सुटत नाहीं. लांब राहिलेलेही गांवाचे मालक होऊन बसतात. रेव्हरंड टिळकांसारखा माणूस १९१७ सालीं अमेरिकन मिशनची नोकरी सोडून "देवाचा दरबार" मांडतो तो उगाच नव्हे. फरक दुसरीकडे आहे. गाडगे महाराजांचें कीर्तन म्हणजे सवाल-जबाब होता. ते लोकांस प्रश्न विचारीत, लोक ओरडून उत्तर देत, हंसत. महाराजांस उलट बोलण्याची सोय गांवाला होती, कारण भाषा गांवाचीच होती. १८ एप्रिल १९५१ रोजीं विनोबा तेलंगणांतील पोचमपल्लीस आले तेव्हां तेही परक्या भाषेचे एका मुक्कामाचे पाहुणेच होते. पण त्यांनीं तेथल्या हरिजनांस आधीं विचारलें, तुम्हांस काय पाहिजे? उत्तर आलें, ऐंशी एकर जमीन. तें उत्तर त्यांच्यापर्यंत पोंचलें, म्हणूनच रामचंद्र रेड्डींनीं शंभर एकर देऊं केले. पुढें भूदानांतली पुष्कळ जमीन वांटलीच गेली नाहीं, हेंही खरें. चालत्या माणसाच्या मागें राहिलेलें काम कोणी तरी बसून करावें लागतें. तरी त्या दिवशीं पोचमपल्लीचा माणूस बोलला आणि तें ऐकलें गेलें, एवढें कोणास नाकारतां येणार नाहीं.

"उत्तरदायी" ह्या शब्दाचा अर्थ आपण जबाबदार असा करून सोडून देतों. त्यांत उत्तर देणें आहे, आणि उत्तर देण्यास आधीं प्रश्न कानीं पडावा लागतो. त्या पथकाजवळ दया होती, कष्टाची तयारी होती; पण गांवानें त्यांस "नको" म्हटलें असतें, तर तें त्यांस कोणत्या वाटेनें कळलें असतें? सर्व वाटा दुभाष्याच्या तोंडांतून जात होत्या, आणि दुभाष्यास पुढल्या वर्षीं पुन्हां बोलावणें हवें होतें. त्यास तरी आम्ही दोष कसा द्यावा?

कारण त्या रात्रीं तो तरुण स्नेह्याच्या ओसरीवर आला होता. आम्हांस थोडी तेलुगु येते हें त्यास कोणीं तरी सांगितलें होतें. त्यानें विचारलें, ती आजी खरेंच काय म्हणाली? तिच्या चेहऱ्यावरून त्यास शंका आली होती. पहांटे त्याची गाडी होती, मुलगा फार थकलेला दिसत होता, आणि आम्हीं दुभाष्यानें सांगितलें तेंच सांगितलें. दुसऱ्या दिवशीं आम्हीही दिग्रसला परतलों. त्या गांवीं त्यानंतर जाणें झालेलें नाहीं.