समज देऊन सोडले

गेल्या वर्षी ओळखीतल्या एका मुलीबरोबर पोलीस ठाण्यात गेले होते. तिच्या हातात शंभर पानी वही होती, शाळेतली पोरं वापरतात तशी. आत नुसत्या तारखा आणि वेळा. ‘सकाळी ८.२०, बसस्टॉप.’ ‘रात्री ११, सोळा मिस्ड कॉल.’ ‘ऑफिसचं गेट, निळा शर्ट, नुसता उभा.’ दोघं दोन वर्षं बरोबर होते. तिने संबंध तोडले, त्याला सात महिने होऊन गेले होते.

ठाणे अंमलदारांनी वहीची चार पानं उलटली आणि विचारलं, “हात उचललाय का त्यानं?” ती नाही म्हणाली. त्यांनी वही मिटून तिच्याकडे सरकवली आणि एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, लिहायला घेतली. “बोलावून समज देतो, ताई. नोकरीवाला पोरगा आहे, ऐकेल. तुम्ही घाबरू नका.”

माणूस वाईट नव्हता. चहासुद्धा विचारला त्यांनी. पण कायदा वेगळा आहे. पाठलाग हा २०१३ पासून स्वतंत्र गुन्हा आहे. दंडविधानात कलम ३५४-ड होतं, आता भारतीय न्याय संहितेत ७८ आहे. आणि तो दखलपात्र आहे, म्हणजे एनसीवर भागवण्याचा नाहीच. डिसेंबर २०१२मधल्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्कारानंतर नेमलेल्या वर्मा समितीने महिनाभरात अहवाल दिला, त्यातून हे कलम आलं. मात्र विधेयक लोकसभेत आलं तेव्हा एका ज्येष्ठ खासदारांनी सभागृहालाच विचारलं, की आपल्यापैकी मुलींच्या मागे कोण गेलेलं नाही? अखेर कलम मंजूर झालं ते पहिल्या खेपेला जामीनपात्र ठेवून. पहिल्या गुन्ह्याला जास्तीत जास्त तीन वर्षं.

त्या दिवशी ठाण्याच्या पायऱ्या उतरताना माझ्या डोक्यात प्रियदर्शिनी मट्टू होती.

ती दिल्ली विद्यापीठात कायदा शिकत होती. काश्मीरमधून बाहेर पडावं लागलेल्या पंडित कुटुंबातली, वय पंचवीस. त्याच विद्याशाखेतला एक मुलगा तिच्या मागे लागला होता. त्याचे वडील पोलीस दलात मोठ्या हुद्द्यावर. तिचं आणि त्याचं कधी काही नव्हतं. १९९५ या एका वर्षात तिने वेगवेगळ्या पोलीस ठाण्यांत तक्रारी केल्या. त्याला बोलावलं गेलं, पुन्हा त्रास देणार नाही असं त्याने लिहून दिलं आणि घरी गेला. मग पुन्हा मागे. शेवटी पोलिसांनी तिला अंगरक्षक दिला.

त्याने आणखी एक केलं, आणि ते मला सगळ्यात भेसूर वाटतं. ती एकाच वेळी दोन अभ्यासक्रम करते आहे अशी तक्रार त्याने विद्यापीठाकडे केली. तिचा निकाल अडकला, तिला खुलासे देत बसावं लागलं. असा माणूस नुसता रस्त्यात आडवा येत नाही. तो अर्ज करतो, तिच्या वरिष्ठांना फोन करतो, तिच्या आईला भेटून रडतो. तिच्याभोवतीची सगळी माणसं आणि कचेऱ्या तो हळूहळू आपल्या कामाला लावतो. तिची तक्रार ‘वैयक्तिक बाब’ ठरते, त्याची मात्र रीतसर दाखल होते.

२३ जानेवारी १९९६ला वसंत कुंजमधल्या काकांच्या घरी त्याने तिच्यावर बलात्कार करून तिचा खून केला. डिसेंबर १९९९मध्ये तो निर्दोष सुटला. गुन्हा यानेच केला हे मला माहीत आहे, तरी संशयाचा फायदा द्यावा लागतो, अशा अर्थाचं न्यायाधीशांनी निकालपत्रातच लिहिलं. सुटल्यावर त्याने लग्न केलं, वकिली केली. ऑक्टोबर २००६मध्ये उच्च न्यायालयाने त्याला दोषी ठरवून फाशी सुनावली. ऑक्टोबर २०१०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोष कायम ठेवला आणि फाशीची जन्मठेप केली. सुटकेनंतर त्याचा संसार झाला, मुलगी झाली, हेही विचारात घेतलं. प्रियदर्शिनीचे वडील चौदा वर्षं कोर्टाच्या वाऱ्या करत होते.

या खटल्यात खुनाचा हेतू सिद्ध झाला तो तिच्या तक्रारींवरून. तेच अर्ज, त्याच तारखा, त्याने लिहून दिलेली तीच हमी. ती जिवंत असताना ज्या कागदांवर ‘समज दिली’ एवढंच झालं, ते ती गेल्यावर भक्कम पुरावा ठरले. १९९५ साली त्यात जे लिहिलेलं होतं तेच २००६ साली होतं. एक अक्षरही वाढलेलं नव्हतं.

म्हणून फाशीची मागणी ऐकली की मी अस्वस्थ होते. माझा फाशीला विरोध आहे. पण ज्या आईबापांची मुलगी गेली त्यांनी ती मागितली, तर त्यांच्यापुढे मी तोंड उघडणार नाही. माझं म्हणणं बाकीच्यांशी आहे. उल्हासनगरात १९९० साली दहावीच्या परीक्षेच्या वर्गात शिरून रिंकू पाटीलला जाळलं, तेव्हापासून आपण तीच मागणी करत आहोत. वांद्रे टर्मिनसवर २०१३मध्ये नौदलाच्या रुग्णालयात रुजू व्हायला आलेल्या परिचारिकेवर ॲसिड फेकलं गेलं, महिनाभराने ती गेली. ॲसिड फेकणाऱ्या तिच्या शेजाऱ्याला २०१६मध्ये फाशी सुनावली गेली, २०१९मध्ये उच्च न्यायालयात त्या फाशीची जन्मठेप झाली. हिंगणघाटला फेब्रुवारी २०२०मध्ये कॉलेजला निघालेल्या प्राध्यापिकेला भररस्त्यात पेटवलं. मोर्चे निघाले, पुढे विधिमंडळाने शक्ती विधेयक मंजूर केलं, त्यातही फाशी होती. तो कायदा अमलात आला नाही. हिंगणघाटच्या आरोपीला दोन वर्षांनी जन्मठेप झाली.

आणि वसई, जून २०२४. संबंध तोडलेल्या तरुणीच्या डोक्यात भर रस्त्यात लोखंडी पाना घातला गेला, लोक बघत होते. आधी तक्रार केली होती, पोलिसांनी त्याला सोडून दिलं, असं तिच्या घरच्यांनी सांगितलं.

फाशी द्यायची तर प्रकरण ‘दुर्मिळातलं दुर्मिळ’ असावं लागतं, हे १९८० सालापासून ठरलेलं आहे. या खुनांत दुर्मिळ काय आहे? ते आधी सांगून, दवंडी पिटून येतात. नकार, मग विनवण्या, मग मरून जाईन, मग तुलाही जगू देणार नाही. आणि दुसऱ्या दिवशी आपली वर्तमानपत्रं छापतात, ‘एकतर्फी प्रेमातून खून’. हा शब्दप्रयोग मराठीतून जायला हवा. जिच्या मनात ते नाहीच, तिच्या जीवावर उठलेल्या हट्टाला आपण प्रेम म्हणतो, आणि मग ठाण्यातला अंमलदारही तसंच बघतो: पोरगा प्रेमात आहे, समजावलं की येईल ताळ्यावर.

फास आवळला जातो तेव्हा ती नसते. ती असते त्या सात महिन्यांत, त्या वहीत. त्या वेळी कोणी नुसतं त्याचं नाव गुन्हा म्हणून नोंदवलं, पुन्हा दिसलास तर जामीन जाईल असं बजावलं आणि खरंच तसं केलं, तर एवढ्यानेही काही जणी वाचतील असं मला वाटतं.

आमच्या मुलीची एनसी आम्ही वरिष्ठांकडे नेली, एफआयआर व्हायला पाच आठवडे लागले. तिने घर बदललं. वही अजून चालू आहे, दुसरी.

प्रियदर्शिनीच्या दारात त्या दिवशी पाचच्या सुमारास तो उभा होता, शेजारच्या एकाने त्याला पाहिलं. अंगरक्षक साडेपाचच्या सुमारास पोचला. त्याने बेल वाजवली, कोणी दार उघडलं नाही, म्हणून तो घराच्या मागच्या बाजूला गेला.